शिकंज्याचे लाड

सासऱ्यांच्या जुन्या सुतारकामाच्या टेबलाला, लाकूड घट्ट धरून ठेवणारा लाकडी शिकंजा आहे. त्याचा करकरत अडकणारा स्क्रू हे सकाळपासून तेल लावून सोडवताहेत. "ये, ये, घाई नाही," असं त्याला समजावतात. मी काही सांगायला लागले, की दुसऱ्याच वाक्याला म्हणतात, "मुद्द्यावर ये." माझी कामं यादीप्रमाणे होतात, मी कुठे अडत नाही. अडून बसणाऱ्यालाच माणसं एवढा वेळ देत असतील का? मला चक्क लाकडाचा हेवा वाटला.

संध्याकाळी स्क्रू फिरला. "करकर थांबली बघ!" हे खुशीत म्हणाले.

मी स्टूल ओढून बसले आणि जिना चढताना कुरकुरणारा गुडघा पुढे केला. "आता इकडे या. आणि घाई नाही."