आविलाच्या तटातला उलटा दगड

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये कुणी वडिलांविषयी विचारलं, की आत्माराम "बांधकामात होते" एवढंच सांगून विषय बदलायचा. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. यशवंतआबा पाथरवट होते. सासवडजवळच्या गावी पाटे-वरवंटे घडवायचे, दारोदार जाऊन जात्यांना टाकी लावायचे. अठराव्या वर्षापर्यंत आत्मारामनंही छिन्नी धरली होती. पुढे तो इंजिनिअर झाला, जर्मनीत एक्स-रे यंत्रांच्या कारखान्यात लागला आणि हातावरचे घट्टे कधी विरले ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

२०१६ साली लेकीच्या, मुक्ताच्या, शाळेला हेर्ब्स्टफेरियन म्हणजे शरदातली सुट्टी लागली तेव्हा तिघं स्पेनला गेली. त्याच्या बायकोला, नीलिमाला, तटबंदीच्या आत वसलेलं आविला बघायचं होतं, म्हणून माद्रिदहून गाडी पकडली. सकाळभर चर्च बघून बारा वर्षांची मुक्ता कंटाळली होती. तटावर चढली तशी मात्र ती फांजीवरून, तटमाथ्यावरच्या वाटेवरून, पळत सुटली. एका बाजूला कौलारू घरं, दुसऱ्या बाजूला उघडा माळ, आणि लांबवर एकामागून एक बुरूज.

खाली उतरल्यावर तटाच्या कडेनं चालताना आत्माराम मागे राहिला. मुक्ता परत आली तेव्हा तो एका चिऱ्यावरून बोटं फिरवत उभा होता. काय शोधतोय, असं तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"हे टाकीचे घाव," तो म्हणाला. "बघ, सगळे एकीकडे कललेत. घडवणारा डावखुरा असणार."

त्याला हे कसं कळलं, तिचा पुढचा प्रश्न. आत्मारामनं नीलिमाकडे पाहिलं. ती पायरीवर टेकली. मग त्यानं लेकीला सगळं सांगितलं, छिन्न्या तापवायच्या आबांच्या भात्यासकट आणि स्वतःला वाटत आलेल्या लाजेसकट. मुक्तानं ऐकून घेतलं आणि आजोबांना आत्ताच फोन लाव म्हणाली.

गावी संध्याकाळ होत आली होती. आत्मारामच्या पुतण्यानं व्हिडिओ लावून फोन आबांसमोर धरला, आबा डोळे बारीक करून तट बघू लागले.

"जरा खाली घे," ते म्हणाले. "त्यो पांढुरका. त्यो हितला न्हाय. आदी दुसऱ्या कामाला घडवलेला, मग आणून उलटा बसवलाय."

वेशीजवळच्या फलकावर लिहिलंच होतं: तट बांधताना रोमन काळातल्या थडग्यांचे दगडही वापरले होते. मुक्तानं ते वाचलं आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली, "आजोबा, बरोबर."

पुढच्या जूनमध्ये आबा एर्लांगेनला आले. घरात त्यांना करमेना. तेव्हा मुक्तानं त्यांना दफनभूमीजवळच्या एका म्हाताऱ्या पाथरवटाच्या कारखान्यात नेलं. आत्माराम दुभाषा म्हणून सोबत गेला, पण पंधरा मिनिटांत त्याची गरज उरली नाही. जर्मन म्हातारा लाकडी मोगरीनं ठोकायचा. आबांना ती फार हलकी वाटली. त्यांची लोखंडी हातोडीची मागणी खुणेनंच पुरी झाली.

आबा रोज सकाळी डबा घेऊन तिकडे जाऊ लागले. संध्याकाळी परतताना शाळेतून थेट तिकडेच गेलेली मुक्ता त्यांच्याबरोबर असे, आणि दोघांच्याही केसांवर दगडाची पांढरी भुकटी असे.