टर्मिनशिवाय एक संध्याकाळ: हॅलोविनला स्टुटगार्टमध्ये

पंधरा वर्षांच्या, आपल्यापेक्षा वीतभर उंच मुलीने "मला हॅलोविनला दारोदार फिरायचंय" असं जाहीर केलं तर आईने काय करावं? मी आधी हसले, मग चिडले आणि शेवटी शुक्रवारची तिकिटं काढली. कारण तिला हे फ्रँकफर्टमध्ये नाही, स्टुटगार्टमध्येच करायचं होतं.

निखिलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी बदलली म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही स्टुटगार्ट सोडलं. आमची इरा तिथेच वाढली. ती 'घरी' म्हणते तेव्हा तिच्या मनात अजूनही स्टुटगार्टच असतं. फ्रँकफर्टच्या फ्लॅटला ती फेरीनवोनुंग म्हणते, सुट्टीत चार दिवस भाड्याने घेतात तसलं घर. पुरावा म्हणून ओट्याकडे बोट दाखवते. तो मी पहिल्या दिवसापासून जाड प्लास्टिकने झाकून ठेवलाय. स्टुटगार्टच्या घरमालकाच्या पांढऱ्याशुभ्र ओट्यावर एकदा हळदीचा डबा उपडा झाला होता. घर सोडताना मी लिंबू, सोडा, टूथपेस्ट, सगळं घासून पाहिलं. डाग जागचा हलला नाही. त्यावरून मालकाने जे तोंड केलं, ते पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती.

असो. निखिलचं मत होतं की एवढी घोडी झाली, आता दारात उभी राहून खाऊ मागायचा म्हणजे हसं होईल. मलाही मनातून तेच वाटत होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने आपणहून काहीतरी मागितलं होतं. ती तिथे गेली आणि आणखीनच तिथली होऊन परत आली तर काय, ही धाकधूक घेऊन मी बॅग भरली. दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांचा डबाही टाकला. रिकाम्या हाताने प्रवास मला जमत नाही.

आता कामाचं. फ्रँकफर्ट ते स्टुटगार्ट जलद गाडीने दीड तासाच्या आसपास लागतं. आधी काढलं तर तिकीट बरंच स्वस्त पडतं. मासिक डॉइचलांड-टिकेटवर जायचं तर लोकल गाड्या बदलत जवळजवळ दुप्पट वेळ धरा. शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. इराने कानात इअरफोन घातले. मी दोनदा डबा तपासला, तीनदा जागा बदलली. समोरच्या आजोबांनी शेवटी विचारलं, तुम्हाला खिडकी हवी आहे का? मी नको म्हटलं आणि पुन्हा उठले.

स्टेशनजवळच्या छोट्या हॉटेलात सामान टाकलं आणि मारियनप्लात्झला केझश्पेत्झले खाल्लं. चीज आणि तळलेला कांदा घातलेल्या या जाड, तुटक शेवया शाकाहारी माणसाला स्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या या भागात, तारून नेतात. एका प्लेटमध्ये दोघींचं पोट भरतं. तिथूनच टेकडीवरच्या डेगरलोखला दातेरी रुळांवरून चढणारी ट्राम सुटते. शहराच्या साध्या तिकिटावर चालते. वर जाताना उजवीकडे बसा. शहर कढईत असल्यासारखं खाली दिसतं आणि आपण कढईच्या काठावर असतो. इराने तेवढ्यापुरते इअरफोन काढले.

वर तिची मैत्रीण लेना वाट बघत होती. ती सोळा वर्षांची, इराहून उंच. लेना झाली होती व्हॅम्पायर आणि इरा हडळ. पुण्याहून माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन केलं होतं. जॅकेटवरून माझी पांढरी सुती साडी, मोकळे केस आणि हडळीची पावलं उलटी असतात म्हणून टाचांना मागे बांधलेले जुन्या कॅनव्हास बुटांचे चवडे. स्टुटगार्टच्या उतारांवर ठिकठिकाणी दगडी जिने आहेत, त्यांना इथे श्टेफेले म्हणतात. अशा पावलांनी ते उतरायचे म्हणजे दिव्यच. तुम्ही जाणार असाल तर साधे बूट घाला.

मला अट घातली गेली होती: रस्त्यावरचे दोन दिवे मागे राहायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. ज्या घराबाहेर कोरलेला भोपळा पेटलेला असेल तिथेच बेल वाजवायची, हा इथला अलिखित नियम. लहान पोरं आईबापांचं बोट धरून "झ्युसेस ओडर झाउरेस" ओरडत होती. म्हणजे गोड द्या, नाहीतर खोडी काढतो. या दोघी ते पुटपुटत होत्या. पहिल्या दारात बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि एकेक संत्रं दिलं. दुसरीकडे एका गृहस्थांनी विचारलं, वय काय तुमचं? लेनाने खरं सांगितलं. ते म्हणाले, मग दुकानात जाऊन विकत घ्या, आणि दार लावून घेतलं. इराने साडीचा पदर सारखा केला आणि पुढे चालू लागली. पुढच्या दारांत मिळालेलं चॉकलेट दोघी वाटेतल्या लहान पोरांना देऊन टाकत होत्या. मग यांना हवंय तरी काय, हे मला कळेना.

कळलं ते त्या डावीकडे वळल्या तेव्हा. ती आमची गल्ली होती.

आमच्या जुन्या इमारतीच्या दाराशी भोपळा पेटलेला होता. लेना खालीच थांबली. इराने तिसऱ्या मजल्याची, आमची बेल दाबली. इमारतीचं दार उघडलं आणि ती आत गेली. मला बाहेर उभं राहवेना. अट मोडून मी तिच्यामागे जिना चढले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले. माझ्याच जुन्या घराच्या जिन्यात चोरासारखी उभी होते.

जर्मनीत राहिलेल्यांना माहीत आहे, इथे कुणाकडे सहज म्हणून जाता येत नाही. टर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घ्यावा लागतो, मित्राकडे जायचं तरी. वर्षातून ही एकच संध्याकाळ अशी की पोरं कुणाचीही बेल वाजवू शकतात आणि कुणी कारण विचारत नाही. पुढच्या वर्षी इराला कुणी पोर म्हणणार नव्हतं. तिने हिशेब बरोबर केला होता.

वर दार उघडल्याचा आवाज आला. एक बाई म्हणाल्या, सॉरी, सगळं संपलं, आता काहीच उरलं नाही. इरा जर्मनमध्ये म्हणाली, "मला खाऊ नकोय. मी आधी इथे राहायचे."

मग त्या बाई म्हणाल्या, "अस्सं, मग मला एक सांग. शेगडीच्या शेजारी तो पिवळा डाग कसला आहे? आम्ही दोन वर्षं विचार करतोय."

"हळद," इरा म्हणाली. "माझ्या हातून सांडली होती. ती जात नाही."

बाई मोठ्याने हसल्या. मग इराने कठड्यावरून खाली न बघताच हाक मारली, तीही मराठीत. मी मराठीत बोलले तरी एरवी ती मला जर्मनमध्येच उत्तर देते. "आई, वर ये. मला माहितीये तू तिथे आहेस."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. पडदे वेगळे, टेबल वेगळं, वासही वेगळा. डाग मात्र तसाच. बाई म्हणाल्या, आधी त्यावर फळांची परडी ठेवत होते, आता सवय झाली. इराने त्यावरून बोट फिरवलं. तिच्या खोलीत आता कपडे वाळत घालायचा स्टँड आणि एक ऑफिसचं टेबल होतं. ती उंबऱ्यातूनच बघत राहिली. "बघायचीय आतून?" बाईंनी विचारलं. इराने नको म्हटलं. मला हळूच म्हणाली, "केवढीशी आहे गं." मला रडू आलं आणि ते लपवायला मी चकल्यांचा डबा बाईंच्या हातात कोंबला. डबा परत मागायचाही राहिला.

एक सूचना: एक नोव्हेंबरला फ्रँकफर्टमध्ये सुट्टी नसते, पण स्टुटगार्टमध्ये असते. दुकानं बंद असतात, खाण्याचं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. आम्ही स्टेशनवरच्या बटर ब्रेत्झेलवर, म्हणजे लोणी लावलेल्या खारट पावावर, भागवलं. लेना निरोप द्यायला आली होती. उन्हाळ्यात फ्रँकफर्टला यायचं तिने कबूल केलं. गाडीत मी इराला विचारलं, बरं वाटलं का? "गेनाऊ," म्हणजे 'अगदी', एवढंच ती म्हणाली आणि झोपली. यातून आईने काय समजायचं? मी वाटेतल्या मानहाइम स्टेशनपर्यंत खिडकीशी, पुढे दाराशी उभी होते.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात खडखड ऐकू आली. इरा पोहे करत होती. ओट्यावरचं प्लास्टिक गुंडाळून कोपऱ्यात उभं केलेलं. मी म्हटलं, अगं, मालक काय म्हणेल? तिने फोडणीत हळद टाकली, डबा तसाच उघडा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे ना आई. आपण राहतोय इथे."

प्लास्टिक मी तळघरात नेऊन ठेवलं आहे. ओट्यावर अजून डाग पडलेला नाही. मी रोज सकाळी उठले की आधी तेच बघते.