मूळच्या कुठल्या?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहिते. आपल्या ग्रुपची पेठेपेठेत जाऊन खायची फेरी आज पूर्व भागात होती, लक्ष्मीअक्कांच्या घरी. अक्कांनी मला शिवण शिकवलं. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात आणि चार पिढ्या इथंच मागावर कापड विणण्यात गेल्या.

संक्रांत जवळ आलीय, म्हणून त्या सकिनालू नावाचं तळण करत होत्या. तांदळाच्या ओल्या पिठात तीळ-ओवा घालायचा आणि बोटांनी पीळ देत नव्या चादरीवर गोल वेढे घालायचे. जरा लक्ष हललं की वेढा तुटतो.

आपल्यातल्या एक ताई मोबाइल समोर धरून विचारायला लागल्या, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"हितल्याच की," अक्का म्हणाल्या.

"तसं नाही हो, मूळच्या?"

"माझा आजा हितंच जन्मला, बाई."

"हो, पण त्याच्या आधी?"

अक्कांचा वेढा तुटला. त्यांनी ते पीठ गोळा करून परत पातेल्यात टाकलं.

माझे आजोबा कर्नाटकच्या सीमेजवळच्या दुधनीहून इथं शुक्रवार पेठेत आले. घरात कन्नडच बोलायचे. मला आजवर कुणी मूळ विचारलेलं नाही.

बाहेर आल्यावर त्या ताईंना मी चांगलं सुनावलं. मग घरी येऊन फेरीच्या आमंत्रणाची पोस्ट उघडली. "या, परमुलखाची चव घ्यायला." हे मीच लिहिलं होतं.

त्या पोस्टला अक्कांच्या सुनेनंही लाईक दिलंय. आता अक्कांच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ, सांगा.