बयूमी उस्तादांचा गुलाब

माझा बाप खुर्च्यांवर नक्षी कोरायचा आणि आम्ही पाचही माणसं जन्मभर जमिनीवर बसलो. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी हे एकदा बोलून गेले, तर सगळ्या जणी खो खो हसल्या. मला काही हसू आलं नाही. अजूनही येत नाही.

इजिप्तमधल्या आमच्या दुम्यात गावात अख्खी खुर्ची एक माणूस कधी करत नाही. एका गल्लीत सांगाडा जोडतात, दुसरीत नक्षी कोरतात, तिसरीत सोनेरी वर्ख चढवतात, चौथीत मखमल ठोकतात. हातगाड्यांवरून उघडंनागडं लाकूड दिवसभर या गल्लीतून त्या गल्लीत हिंडत असतं. बाबा नक्षीवाले. खुर्चीच्या पाठीची वरची पट्टी त्यांच्याकडे सुटी यायची. जमिनीवर बसून, ती दोन्ही पावलांत घट्ट दाबून ते पटाशीनं कोरायचे, भुसा फुंकायचे आणि पट्टी गाडीवर ठेवून द्यायचे. पट्टीच्या मधोमध एक गुलाब असायचा. अर्धवट उमललेला, पुढं झुकलेला, लाकडातून चांगला दोन बोटं वर आलेला. तसा गुलाब गावात दुसऱ्या कुणाला जमत नसे. कैरोचे व्यापारी यायचे आणि म्हणायचे, "बयूमी उस्तादांचा गुलाब असेल तरच माल उचलतो." तेव्हा बाबांची छाती फुगायची. पाठ मात्र दरवर्षी थोडी थोडी वाकत होती.

मी सहा वर्षांची असताना आमच्या घरी एक सोफा आणि चार खुर्च्या आल्या. सांगाडेवाल्याच्या, वर्खवाल्याच्या आणि मखमलवाल्याच्या मुलींच्या रुखवतातली नक्षी बाबांनी कोरून दिली होती, त्याच्या बदल्यात त्यांनी आपापलं काम करून दिलं. पिस्त्याच्या रंगाची मखमल, वर सोनेरी गुलाब. रस्त्याकडची, दोन खिडक्यांची, घरातली एकमेव कोरडी खोली त्यांना मिळाली. आईबाबा, आम्ही दोघी बहिणी आणि भाऊ हमदी असे पाच जण मागच्या ओलसर खोलीत चटईवर झोपायचो, तिथंच जेवायचो आणि तिथंच पोटावर पालथं पडून अभ्यास करायचो. मखमलीचा रंग उडू नये म्हणून दिवाणखान्याच्या खिडक्या बंद. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी. दाराला कुलूप, आणि किल्ली माझ्या आईच्या, रतीबाच्या, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली.

आता कुणी म्हणेल, खुर्ची ती काय, त्यात काय एवढं! ज्यानं पाठ टेकून चहा पीत लहानपण काढलं त्यानं हे खुशाल म्हणावं. मी मात्र खुर्चीची स्वप्नं बघायचे. कुणी मिठाईची बघतं, कुणी रेशमी फ्रॉकची. मला फक्त कशाला तरी पाठ टेकून, पाय खाली सोडून बसायचं होतं.

आठ वर्षांची असताना एकदा बसलेसुद्धा. आई दर शुक्रवारी सकाळी धूळ झटकायला दार उघडायची. ती बादली आणायला गेली तेवढ्यात मी आत घुसले, चादर वर केली आणि चढले. पाय जमिनीला पुरत नव्हते. मखमल तळहाताला गार लागली. आता पाठ टेकणार, तोच आईनं कानाखाली जाळ काढला.

"पाहुण्यांच्या खुर्चीवर बसतेस? परत दिसलीस तर तंगडी मोडून हातात देईन!"

बाबा दारातच उभे होते. ते मला सोडवतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "उतर, सुहैर. पाहुण्यांची आहे ती."

थप्पड मी केव्हाच विसरले. हे वाक्य विसरले नाही. ज्या माणसाच्या हातचा गुलाब त्या खुर्चीवर होता, त्यानंच ते म्हणावं!

आणि पाहुणे तरी कोण? माझ्या थोरल्या बहिणीला, नवालला, बघायला आलेली माणसं. मग मला बघायला आलेली माणसं. मी मशब्बकचं, म्हणजे आमच्याकडच्या जिलबीचं, ताट हातात धरून उभी, आणि ती खुर्चीच्या कडेला टेकून, पाठ सरळ ताठ ठेवून, तुकडा-तुकडा मोडून खाणार. ती गेली की आई म्हणायची, "बघितलंस? खानदानी माणसं कशी अदबीनं बसतात. रेलत नाहीत." मग ताटातले उरलेले तुकडे आम्हाला मिळायचे, मागच्या खोलीत, जमिनीवर.

मी शिक्षिका झाले. मुलांवर फार माया होती म्हणून नव्हे. वर्गात शिक्षिकेला खुर्ची असते, म्हणून. पहिल्या दिवशी मी चार तास उठलेच नाही. मुलांना वाटलं, नव्या बाईंचे पाय अधू आहेत.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले तोवर दुकान बंद पडलं होतं. कंबर अशी धरली होती की जमिनीवर बसवलं तर बसता येईना, आणि बसलेच तर उठता येईना. मग ते आडवेच राहू लागले. दोन महिन्यांत छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "यांना दिवसातले चार-पाच तास पाठ टेकून सरळ बसवा, कोरड्या हवेत. असेच पडून राहिले तर कफ छातीत साचेल आणि हिवाळा काही यांना झेपायचा नाही."

उशा लावून बघितल्या. बाबा घसरून खाली यायचे. मी बाजारातून हातांची प्लास्टिकची खुर्ची आणली. त्यांनी तोंड फिरवलं.

"मी बयूमी नक्षीवाला. मला प्लास्टिकवर बसवून गल्लीत माझी वरात काढणार आहेस का?"

मी आईकडे गेले. म्हटलं, "किल्ली दे."

"शुक्रवारी रीहामला बघायला येणार आहेत." रीहाम म्हणजे नवालची मुलगी. नवालच्या घरी दिवाणखाना नाही, म्हणून पाहुणे आमच्याकडे. "शुक्रवार होऊ दे."

"आणि शुक्रवारनंतर?"

"जमलं तर साखरपुडा असेल ना गं."

"मग लग्न. मग बारसं. आई, त्यांची छाती ऐकलीस का तू? दारापर्यंत ऐकू येते!"

"म्हाताऱ्या माणसाला खोकल्याची उबळ येते, त्याचा डाग मखमलीवर पडला म्हणजे? त्या मुलाच्या आईनं बघितला म्हणजे?"

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिवणाच्या डब्यातली कात्री मी उचलली आणि आईच्या गळ्यातला दोरा कापला. ती असं किंचाळली की शेजारच्या खिडक्या उघडल्या. उघडू देत म्हटलं.

"बाई वेडी झाली! आईच्या गळ्याला कात्री लावते!"

रीहाम तिथंच होती. आईला वाटलं, नात तरी आपली बाजू घेईल. तर पोरगी म्हणाली, "आजी, आजोबा खुर्चीवर बसले म्हणून ते मला नाकारणार असतील, तर नाकारू देत. मला नको असलं घर." आणि तिनं आजोबांच्या काखेत हात घातला.

दोघींनी मिळून त्यांना दिवाणखान्यात आणलं. मी चादर ओढून फेकली. बाबा उभ्या उभ्या थरथरत होते, पण बसेनात. म्हणाले, "पाहुण्यांची आहे ती."

तेच वाक्य. अडतीस वर्षांनी, तसंच्या तसं.

"कोण पाहुणे, बाबा?" मी ओरडलेच. "तुमच्या दुखवट्याला येतील ते? तेव्हा गाव येईल आणि या खुर्च्यांवर बसेल. तुम्ही नसाल. तेच हवंय का तुम्हाला?"

ते बसले. दोन्ही हात हळूच खुर्चीच्या हातांवर ठेवले. वर्खावरून अंगठा फिरवला. मग सावकाश मागे रेलले, आणि "आयाया!" करून एकदम पुढं आले.

परत रेलले. परत पुढं. तोंड वेडंवाकडं झालं. "मागे काय आहे? खिळा राहिलाय का?"

मी पाठीमागे हात घालून बघितलं. खिळा नव्हता. गुलाब होता. बरोबर दोन खांद्यांच्या मधोमध, कण्यावर, दोन बोटं रुतणारा. बाबांनी हात मागे नेऊन तो चाचपला. पाकळी न् पाकळी चाचपली.

"हा टोचतो?" त्यांनी मला विचारलं.

"मला काय विचारता? मला कुठं टेकू दिलंत?"

आई गळा चोळत दारात उभी होती. ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणून माणसं कडेला बसायची होय! मला वाटायचं, अदबीनं बसतात."

बाबांचा चेहरा लाल झाला. इतके ते मला कधीच रागावलेले दिसले नव्हते. आमच्यावर नाही, आईवर नाही, व्यापाऱ्यांवरही नाही. "पन्नास वर्षं कोरतोय मी हा गुलाब! किती खुर्च्या गेल्या माझ्या हातून! कैरोला गेल्या, अलेक्झांड्रियाला गेल्या. एकानंही येऊन सांगितलं नाही, उस्ताद, टोचतो म्हणून! एकानंही?"

कोण सांगणार होतं त्यांना? त्या सगळ्या खुर्च्या सगळ्या घरांत चादरींखाली होत्या, आणि त्या घरांतली माणसं मागच्या खोलीत चटईवर.

हे त्यांना मी सांगितलं नाही. मला वाटतं त्यांना कळलं होतं, कारण ते शांतपणे म्हणाले, "माझी पटाशी आण. आणि मोगरी."

आपण तिरके होऊन, खांदा टेकून ते एका खुर्चीवर बसले आणि दुसरी समोर आडवी घेतली. हात कापत होते, पण पटाशी लाकडाला लागली की कापायचे थांबत. पहिली पाकळी उडाली तशी आई धावत आत आली.

"अहो हमदीचे बाबा! शुक्रवारी पाहुणे येणार आहेत हो!"

"येऊ देत. त्यांनाही एकदा टेकून बसू देत."

त्यांना एका खुर्चीला दोन दिवस लागले. कोरलेलं काढणं कोरण्यापेक्षा जड जातं म्हणाले. शुक्रवारपर्यंत दोनच झाल्या. सोनेरी पट्टीच्या मधोमध पांढऱ्या लाकडाचा घासून गुळगुळीत केलेला डाग दिसत होता. आईनं त्यावर रुमाल पांघरला, बाबांनी तो काढून तिच्या हातात दिला.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. मुलगा आणि वडील सोफ्यावर बसले. मुलाच्या आईनं खोलीभर नजर फिरवली, डाग नसलेली खुर्ची निवडली आणि रीतीप्रमाणे कडेला बसल्या. बाबा डागाच्या खुर्चीत छान रेलून बसले होते. छाती अजून वाजत होती, पण कमी.

"तिच्यावर नका बसू, बाई," ते म्हणाले. "ती दाखवायची आहे. या इकडं, ही घ्या. ही बसायची."

त्या बाई गोंधळल्या. मग उठून दुसऱ्या डागाच्या खुर्चीवर बसल्या, जराशा कडेलाच. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी पाठ टेकली. टेकली आणि त्यांच्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला. नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आपल्या घरच्या टोचतात हो. मला वाटायचं, माझीच पाठ वाईट आहे."

रीहामचं जमलं की नाही ते नंतरचं. पाहुणे गेल्यावर आई ताट उचलायला वाकली, तेव्हा बाबा म्हणाले, "ठेव ते. बस तिथं, रतीबा."

"माझं काय काम तिथं?"

"बस म्हणतो ना!"

ती बसली. ओढणी सावरली, मग हळूहळू मागे सरकून पाठ टेकली. त्या सकाळी मी एक खिडकी हट्टानं उघडली होती. तिचे पाय उन्हात होते. तिनं ते जरा पुढं केले, पायाची बोटं हलवून पाहिली.

"ऊन येतं की गं इथं," ती म्हणाली.

चाळीस वर्षं त्या खोलीची किल्ली तिच्या गळ्यात होती. मला भरून यायला हवं होतं, पण मला संताप आला, इतका की तिथं उभं राहवेना. मी जाऊन दुसरी खिडकीही उघडली.