कोंडाजीच्या जिभेवरचा बर्फ

कोंडाजीला एका जागी बसलेलं लोणावळ्यात फारसं कुणी पाहिलं नव्हतं. भाकरी खायलासुद्धा तो उकिडवा बसे, म्हणजे उठायला सोपं. कुणी म्हटलंच, "आबा, जरा टेका की," तर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "बर्फ काय थांबतोय व्हय आपल्यासाठी?"

पवनेकाठचं शेत धरणाखाली गेलं, त्याच्या कितीतरी आधीपासून तो बर्फाच्या कारखान्यात होता. तिथं जमिनीत एक मोठा हौद होता, मिठाच्या पाण्याचा. ते पाणी बर्फाहून गार, पण स्वतः गोठत नाही. त्यात साध्या पाण्याचे उंच पत्र्याचे डबे लटकवून ठेवायचे. आतल्या पाण्याची लादी झाली की साखळीनं डबा वर घ्यायचा. पण एखादा डबा गळका निघाला, किंवा शेजारचा डबा उचलताना शिंतोडे उडाले, की लादी खारट होई आणि रसवंतीवाला ती रागारागानं परत आणून टाकी. म्हणून प्रत्येक लादीच्या कोपऱ्याचा कपचा आकड्यानं उडवायचा आणि जिभेवर ठेवायचा, ही जुन्या मिस्त्रीपासूनची रीत. "गोडी," असं कोंडाजी म्हणाला की लादी हॉटेलात जाई. "खारी," म्हणाला की मासेवाल्याकडे. त्याची जीभ कधी चुकली नाही, असं कारखान्यात सगळेच मानत.

त्याची एकुलती मुलगी शालन बी.एस्सी. झाली होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती, पण अजून ती कायम झाली नव्हती. रोज लोकलनं जायची, यायची. तिथं काय करतेस, असं कोंडाजीनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "आम्ही जुना वारा शोधतो."

"वारा गेला की गेला. त्यो कुटं सापडायचा?"

"आबा, तुम्ही खळ्यावर भात उफणायचात ना? वाऱ्याला जोर असला की तूस कुठं पडायचं?"

"लांब. पार बांधापल्याड."

"मग दुसऱ्या दिवशी नुसतं तूस बघून सांगता आलं असतं ना, काल वारा कसा होता ते? तसंच. दक्षिण ध्रुवावर दर वर्षी बर्फाचा थर साचतो. वारा समुद्रावरचं मीठ आणि लांबलांबची धूळ आणून त्यावर टाकतो. वारा दांडगा, तर मीठ जास्त. ते खाली गाडलं जातं. आम्ही तो बर्फ वितळवून त्यातलं मीठ मोजतो."

कोंडाजीनं मान हलवली. बर्फात मीठ मोजणं म्हणजे आपलंच काम, एवढं त्याला पटलं, आणि त्याला बरं वाटलं.

१९७५ च्या मे महिन्यातली गोष्ट. परदेशी जहाजातून त्या ध्रुवावरच्या बर्फाचे चार तुकडे मुंबईला आले होते. ते पुण्याला आणायची जबाबदारी पहिल्यांदाच शालनवर आली. लाकडी पेटी, तिला आतून थर्माकोल, आत प्लास्टिकच्या पिशव्यांत एकेक तुकडा आणि वर कोरडा बर्फ, पाणी न होता वायू होऊन उडून जाणारा. गाडी घाट चढून लोणावळ्याला आली आणि उभीच राहिली. पुढं मळवलीजवळ मालगाडी घसरली होती. ऊन भाजत होतं. शालननं पेटीचं झाकण किंचित उचलून पाहिलं. कोरडा बर्फ उडून जवळजवळ संपला होता.

ती हमालाच्या डोक्यावर पेटी देऊन धावतच कारखान्यात आली.

"आबा, हे विरघळलं तर माझं काही खरं नाही. गारातली गार जागा कोणती?"

"हौद."

"हौदात मीठ आहे."

"डब्यात ठिवतो. कोरड्या डब्यात. पाणी भाईरच ऱ्हाईल."

शालन क्षणभर घुटमळली. दुसरा मार्ग नव्हता. "ठेवा. पण मिठाचा थेंब लागता कामा नये. एक थेंबसुद्धा. मी स्टेशनातून सरांना फोन करून येते, ते जीप पाठवतील."

ती गेली. कोंडाजीनं नवा डबा निवडला, पुसला, पिशव्या आत सोडल्या, वर गोणपाट दाबलं आणि डबा हौदात उतरवला. मग त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दारापर्यंत जायचं, रस्ता बघायचा, परत हौदाशी यायचं. गेणू नावाचा त्याचा जोडीदार लाद्या काढत होता. तो म्हणाला, "आबा, लेक बाळंत हाय का बर्फ? का अशा येरझारा घालताय?"

"तू तुजी साखळी वढ."

गेणूनं साखळी ओढली. शेजारचा डबा हिसक्यानं वर आला आणि खारं पाणी उडालं. फार नाही, ओंजळभर. गोणपाटाच्या कडेला ओल दिसली.

कोंडाजी हौदाकडे धावला. त्यानं डबा वर घेतला. तीन पिशव्यांच्या गाठी घट्ट होत्या. चौथीची सैल. आत पाणी गेलं की नाही? बघून कळेना. शालन म्हणाली होती, एक थेंबसुद्धा नाही. मग खात्री कशी करायची? लाद्यांची करतात तशीच. त्यानं पिशवी उघडली, तुकड्याच्या खालच्या टोकाचा कपचा उडवून तोंडात टाकला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून त्या टोकावरून जीभही फिरवली.

गोडं. निव्वळ गोडं.

तो इतका हलका झाला, की शालन दारात दिसताच त्यानं सांगून टाकलं, "काळजी करू नगंस. मी सोता चाखून बघितलाय. खारं न्हाई."

शालन जागीच थांबली. "चाखला? कुठला?"

त्यानं दाखवला. चार तुकड्यांत तो सर्वांत खोलवरून काढलेला, म्हणजे सर्वांत जुना होता.

"आबा, तुमच्या जिभेवर मीठ असतं. सगळ्यांच्या असतं. जिभेला कळत नाही इतकं थोडं मीठ मोजतो आम्ही."

तिनं त्या पिशवीची गाठ घट्ट आवळली. जीप आली, पेटीत नव्या लादीचा चुरा आणि त्यात जाड पिशवीत बांधून पुन्हा ते तुकडे गेले. जीपमध्ये चढताना फक्त म्हणाली, "मी सरांना सांगणार आहे. ह्या आठवड्यात मैत्रिणीकडेच राहीन."

त्या आठवड्यात कोंडाजी कुठंच टिकला नाही. घरी नंदाबाईनं, त्याच्या बायकोनं, ताट वाढलं की त्याला कारखाना आठवे, कारखान्यात आला की स्टेशन. पुण्याची प्रत्येक लोकल तो लांबून बघून येई. लादी वर आली की कपचा हातात घेई आणि तसाच टाकून देई. तोंडाशी नेववतच नसे. अखेर एक खारी लादी रसवंतीत गेली. रसवंतीवाला कारखान्याच्या दारात उभा राहून ओरडला, आणि गेणू म्हणाला, "आबा, जिभंला कुलूप लावलंय का? लेकीची नोकरी गेली तर आपलीबी घालवायची, असं ठरलंय वाटतं."

"गेणू, तिला काय म्हनले आसतील रं?"

गेणूनं थट्टा सोडली. "म्हनतील काय? तुमाला बलावतील."

आणि खरंच निरोप आला. उद्या प्रयोगशाळेत या.

कोंडाजी धुतलेलं धोतर नेसून गेला. सर तिशी-पस्तिशीचे, दाढी वाढलेली. त्यांनी हात जोडले. "बसा. मला एकच अडचण आहे. त्या तुकड्याच्या टोकावर मीठ सापडलं. ते तुमच्या जिभेचं, की हौदाचं? हौदाचं असेल तर ते भेगांतून आत गेलं असेल आणि सगळा तुकडा फुकट. जिभेचं असेल तर टोक तासून टाकू."

"मग कसं कळायचं?"

"तुम्ही पुन्हा चाटायचं. आम्ही अगदी शुद्ध पाण्याचा बर्फ केलाय."

शालननं जेवणाचा डबा उघडला. भाकरी आणि सुकट. "त्या दिवशी हेच खाऊन कामावर गेला होतात, आईला निरोप पाठवून विचारलं मी. आधी हे खा. सगळं तसंच व्हायला पाहिजे."

कोंडाजीनं काचेच्या नळ्यांच्या मध्ये उकिडवं बसून सुकट-भाकरी खाल्ली. मग कपचा उडवला, जीभ फिरवली, अगदी तशीच.

एका यंत्रात निळी ज्योत जळत होती. बर्फ वितळवून त्याचा फवारा तिच्यात सोडला, की मिठानं ती पिवळी होई आणि शेजारचा काटा हले. आधी कोंडाजीनं आत्ता चाटलेलं पाणी गेलं. ज्योत भसकन पिवळी झाली. मग ध्रुवावरच्या तुकड्याचं टोक. तशीच पिवळी, आणि काटाही जवळपास तिथंच.

"म्हणजे सगळं यांचंच," सर शालनला म्हणाले. "हौदाचं काही दिसत नाही. आता तासलेल्याच्या आतलं घे."

शालननं आतल्या बर्फाचं पाणी नळीत घेतलं. कोंडाजी श्वास धरून बघत राहिला. फवारा आत गेला. ज्योत निळीच राहिली. पिवळ्याची एक पुसट कड उमटली, असं वाटलं, तेवढंच. काटा मात्र थोडा सरकला आणि तिथं थांबला.

"हा तो वारा," शालन म्हणाली. "तुमच्या आजोबांच्या वेळचा."

"येवढासाच?"

"एवढासाच. पण त्याचाच."

नीट दिसावं म्हणून कोंडाजी पुढं सरकला, आणखी पुढं, ज्योतीवर वाकला.

"आबा, मागं व्हा," शालन म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा तिच्या ओठांच्या कडेला हसू दिसलं. "तुमची फुंकरही खारी असेल."

तो पाठमोरा न होता दारापर्यंत गेला, उपरणं तोंडावर दाबून तिथंच उभा राहिला, आणि लांबून काट्याकडे बघत राहिला.