काचेचं नवं डिझाइन आणि वडूजचे पाहुणे

माणसाच्या संस्कृतीचा सगळा इतिहास म्हणजे पारदर्शकतेकडे झालेला प्रवास आहे. हे मला सांगितलं गेलं तेव्हा मी विश्रामबागेतल्या एका नव्या दवाखान्यात स्टुलावर उभा होतो आणि माझ्या तोंडात ब्रश होता. त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

सांगणारे होते प्रणव सर, दवाखान्याचे इंटिरियर डिझायनर. पुण्याहून आलेले. वय तिशीच्या आतलं, पण 'सर' म्हणायचं त्यांनीच सुचवलं होतं.

मी पेंटर. भिंतींचा नव्हे, अक्षरांचा. फ्लेक्स आल्यापासून आमच्यातले बरेच जण दुसऱ्या कामाला लागले, पण काचेवर हाताने नाव लिहून घेणारे सांगलीत अजून सापडतात. काचेवरचं नाव आतल्या बाजूने, उलटं लिहायचं असतं. म्हणजे बाहेरून ते सुलटं दिसतं आणि पाऊस-धूळ त्याला लागत नाही. दिवसभर आत उभं राहून उलटी अक्षरं काढायची आणि त्यांच्या पोकळीतून रस्ता बघायचा. एखादी स्कूटर एका अक्षरात शिरते, तिसऱ्यातून बाहेर पडते. दुपार कलली की काचेत रस्ताही असतो आणि आपला चेहराही, आणि आपण नक्की कुठल्या बाजूला उभे आहोत हे घटकाभर कळेनासं होतं.

डॉक्टर सुवर्णा जगदाळे कान-नाक-घशाच्या. गाव वडूजजवळ. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. डॉक्टरांनी मला एकच गोष्ट बजावली होती.

"काका, बाकी काही राहू दे. अण्णांना रस्त्यावरून नाव वाचता आलं पाहिजे. पहिल्या वर्षी मेडिकलला माझा नंबर लागला नाही, तेव्हा सगळा गाव म्हणाला, लग्न उरकून टाका. अण्णा एकटेच म्हणाले, पाटीवर हिचं नाव वाचल्याशिवाय मी मरत न्हाई."

मी ठळक अक्षर आणि काळी शेड ठरवली होती. सरांना ते पटलं नाही. त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला.

"हे बघा. नवीन अपडेट. जग कुठे चाललंय ते कळेल."

माझा फोन दुसऱ्या कुळातला. त्यातली बटणं पत्र्याच्या डब्यांसारखी, रंगीत आणि बंद. सरांच्या फोनमध्ये सगळं काचेचं झालं होतं. बटणं म्हणजे पाण्याचे थेंब. बोट सरकवलं की थेंब फुगायचा, मागचा तळ्याचा फोटो त्यात वाकायचा, वितळायचा, पुन्हा सरळ व्हायचा. मी बोट फिरवत राहिलो. कृष्णेच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसावं, तसं. चहा गार झाला.

"कसं वाटतं?"

"सुंदर आहे," मी म्हणालो. खरंच होतं ते. "किती वाजले, सर?"

सरांनी फोन घेतला, तिरका केला, वर तळहाताची सावली धरली. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. "सव्वाचार."

माझं मत तेव्हाच बनलं आणि अजून बदललेलं नाही. हे डिझाइन करणारी माणसं हुशार आहेत, पण त्यांनी काचेवर कधी लिहिलेलं नसावं. काचेवरच्या अक्षराचा वैरी ऊन-पाऊस नव्हे. मागे जे असतं, ते. भिंत जागची हलत नाही; काचेमागचं जग हलतं. आत्ता रिकामी खुर्ची, घटकेने पिवळी साडी. म्हणून आम्ही शेड देतो, म्हणजे अक्षराच्या कडेने गडद सावली. मग मागे काहीही येवो, अक्षर आपल्या सावलीला टेकून उभं राहतं. एवढी गोष्ट सांगायला फोन कंपन्यांसारखा मोठ्या पडद्यासमोर कार्यक्रम करावा लागत नाही. वर्ष-दोन वर्षांत माझ्या कुळातले फोनही काचेचे होतील, हे मला ठाऊक आहे. शेजाऱ्याने गेट बदललं की आपलं जुनं दिसायला लागतं.

"फक्त पांढरा. पातळ. शेड नको," सर म्हणाले. "नाव श्वासासारखं हवं."

"श्वास वाचता येत नाही, सर."

"तुम्ही लिहा. कन्सेप्ट माझ्यावर सोडा."

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे बघितलं. "अण्णांना दिसेल ना, काका?"

"मागे गडद हिरवी भिंत आहे, मॅडम," सरांनीच उत्तर दिलं. "उठूनच दिसेल."

लिहून झाल्यावर मी रस्त्यावर जाऊन बघितलं. थंडीत कुणीतरी काचेवर फुंकर घालून बोटाने लिहावं, तसं नाव हिरव्यावर तरंगत होतं. तीसेक वर्षांत असं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मी म्हणालो, "दिसेल."

सकाळी नऊला वडूजहून गाडी भरून पाहुणे आले. पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, सगळं नीळ घातलेलं. एसी लागलेला बघून सगळे आतल्या वेटिंग रूममध्ये शिरले आणि काचेला लागून उभे राहिले. खुर्च्या रिकाम्या. सुभेदार आल्याशिवाय कोण बसणार?

नाव गेलं. पुसलं नाही, दुधात साखर जावी तसं गेलं.

सरांनी आत जाऊन विनंती केली. "जरा साइडला होता का, प्लीज?"

"कुटं जाऊ?" एक म्हातारा म्हणाला. "गारवा तर हितंच हाय."

तेवढ्यात दुसऱ्या गाडीतून सुभेदार उतरले. निळा कोट, छातीवर पदकं. डॉक्टर त्यांच्या शेजारी. सुभेदारांनी काच वरून खाली बघितली. मग डावीकडून उजवीकडे.

"सुवर्णे, दवाखाना ह्योच न्हवं?"

"हो, अण्णा."

"मग नाव कुटं हाय तुजं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सर फोनमध्ये बघत होते. काळ्या रंगाचा डबा माझ्या पिशवीत होता, पण शेडला दोन तास लागतात आणि मुहूर्ताला दहा मिनिटं होती. मी पुढे झालो.

"नाव आहे, साहेब. पाहुणे मागे उभे आहेत म्हणून दिसत नाही. त्यांना बसायला सांगा."

"बसंनात का? कुनी आडवलंय?"

"तुमच्या आधी कसे बसतील?"

सुभेदारांनी काचेतून आत बघितलं. छाती भरून घेतली.

"बसा खाली समदी!"

काच थरथरली. पंचवीस-तीस टोप्या एकदम खाली गेल्या. खुर्च्या कमी होत्या. निम्मे फरशीवरच बसले. आणि त्या पांढऱ्यातून हिरवी भिंत वर आली, तिच्यावर एकेक अक्षर उमललं.

सुभेदार मोठ्याने वाचू लागले. "डॉक्टर... सुवर्णा... भगवान..." तिथे थांबले.

"आवं पेंटर, माजं बी टाकलंय व्हय?"

"पद्धत आहे, साहेब."

त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

दुपारी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पांढऱ्यावर आणखी एक हात दिला आणि काळी शेड ओढली. सर म्हणाले, कन्सेप्ट संपला. पुढे त्यांच्या त्या फोनलाही काच गडद करायची सोय आली असं ऐकलं. यातून मी एवढंच शिकलो की काचेवर लिहिण्याआधी मागे कोण उभं राहणार ते विचारावं.

नाकात बोळा घालून बसलेलं रस्त्यावरून दिसतं, अशी पेशंटची तक्रार आली. सध्या त्या काचेला आतून जाड पडदा आहे.