अब्बांना विचारून

पिरंगुटच्या स्टॉपवर मला सोडायला अब्बा शिलाईचं दुकान बंद करून आले होते. गळ्यातली टेप काढायची राहिली होती. बस आल्यावर एवढंच म्हणाले, "न्हाई जमलं तर सरळ निघून ये. कुनी काय बोलनार न्हाई."

मुंबईत स्टँड-अप कॉमेडी जमेनाच. एका कॅफेच्या मागच्या खोलीत, दहा-बारा माणसांपुढे मी हिंदीत डेटिंगचे जोक सांगायची. लोक मोबाइल बघत बसायचे. एकदा वैतागून आपल्या बोलीत अब्बांचं सांगितलं. त्यांना कमी ऐकू येतं; गिऱ्हाईक म्हणालं कॉलर, त्यांनी ऐकलं झालर, आणि नवरदेवाच्या शर्टाला झालर लागली. अख्खी खोली हसली. त्या झालरीच्या जोरावर मी छोट्या क्लबांतून मोठ्या हॉलमध्ये गेले आणि तिसऱ्या वर्षी टीव्हीवर.

तुमच्यापैकी गावाकडच्या कितीतरी जणांनी तो एपिसोड पाहून मेसेज केले. मला वाटलं, घरीही आनंदच असेल. महिन्याभराने धाकट्या बहिणीचा, रेश्माचा फोन आला. माणसं मुद्दाम दुकानात येतात, अब्बांपुढे नुसते ओठ हलवतात आणि हसतात, म्हणाली. अब्बा आता पुढे बसतच नाहीत. मापं तीच घेते.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. अब्बा आतल्या खोलीत काजं करत होते. मी माफी मागितली. दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी सुई थांबवली.

"तू खोटं न्हाई बोललीस. पन ते माझं व्हतं. आदी इचारायचं."

चॅनेलला तोच आयटम पुन्हा हवा होता. मी नाही म्हटल्यावर बोलावणं थांबलं. परत कॅफेच्या खोल्यांत गेले, स्वतःच्या फजितीवर लिहायला लागले. सव्वा वर्ष गेलं. मग त्या फजितीवरच टीव्हीने पुन्हा बोलावलं.

आता अंधेरीत माझा फ्लॅट आहे. इथे मी कुणाबद्दल काहीही बोलले तरी चालतं. पिरंगुटला मात्र एक माणूस आहे, ज्याला विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना कळेल. मला घर म्हणजे हल्ली तेच वाटतं.

हे छापायला देण्याआधी फोन केला. रेश्माने तो अब्बांच्या कानाशी धरला, मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

"दे," अब्बा म्हणाले. "पन मी आता परत पुडं बसतोय, ते बी लिही."